उजव्या कोपऱ्यातला हात

कशेळ्याहून मुरबाडच्या दिशेनं निघालं की थोड्याच अंतरावर डाव्या हाताला एक फाटा आत वळतो. त्या फाट्याच्या टोकाला जे गाव आहे, तिथल्या नवतरुण क्रीडा मंडळाला यंदा पन्नास वर्षं झाली. मंडळ काढणारे नवतरुण आता पंचाहत्तरीला टेकलेत, त्यातले दोघं भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसलेत, पण नाव बदलायचा विषय कुणी काढलेला नाही. पन्नास वर्षं झाली म्हणजे स्मरणिका आलीच, आणि स्मरणिका म्हणजे लेख आले. मंडळाचा सेक्रेटरी राजेश यानं लेखकांची यादी केली. माजी सरपंच, माजी मुख्याध्यापक, माजी कर्णधार. ज्याच्या नावाआधी माजी नाही असा माणूस त्या यादीत एक सोडला तर शोधून सापडला नसता.

यादीत सातवं नाव श्रीपतचं होतं. गावाच्या उतारावर बौद्धवाडी आहे, तिथं श्रीपतचं घर. वय चोपन्न. साजगावच्या एका कारखान्यात स्टोअरला तीस वर्षं झाली. नट-बोल्टांची खोकी कुठल्या रॅकवर कुठं आहेत हे त्याला अंधारातही सांगता येतं, पण बोलणं मोजकं. गावात मात्र त्याला वेगळ्याच गोष्टीसाठी ओळखतात. कर्जत ते खोपोली कबड्डीचं मैदान कुठंही आखलेलं असो, चार जुनी माणसं जमली की कुणीतरी बोट दाखवणारच, तो बघा हातवाला श्रीपत.

राजेश त्याच्या घरी आला तेव्हा घाईत होता. मांडववाला खाली थांबला होता.

“श्रीपतकाका, दोन पानं पायजेत. त्र्याण्णवची फायनल. तुमी हात वर केलात ती.”

“मला काय लिवता येतं रं?”

“घडलं तसं लिवा निस्तं. मथळा मी ठरवलाय, खिलाडूवृत्ती. आन कार्यक्रमाला घरच्यांना घेऊन या, सत्कार हाय तुमचा.”

घडलं तसं लिवा, एवढं सांगून राजेश मोटारसायकलवर बसून गेलासुद्धा. श्रीपत बराच वेळ ओट्यावर उभा राहिला. त्या फायनलला आपल्या संघाचा कर्णधार होता पोपट, म्हणजे या राजेशचा बाप. त्याच पोपटनं त्या दिवशी मैदानात श्रीपतला आईबहिणीवरून घेतलं होतं आणि पुढं सहा वर्षं त्याच्याशी शब्द बोलला नव्हता. आता तोच पोपट सामन्याला खुर्ची टाकून बसतो आणि पोरांना सांगतो, खेळावं तर आमच्या श्रीपतसारखं. माणसाची मतं पिकायला वेळ लागतो हे खरं, पण इतकी पिकलेली मतं खाताना जरा जपूनच खावीत.

हे प्रकरण कळायचं तर कबड्डीतली एक जुनी रीत माहीत हवी. चढाईला आलेल्या गड्याचा हात किंवा पाय बचावातल्या गड्याला लागला आणि तो परत मध्यरेषेला पोचला, की ज्याला लागलं तो बाद. आता लागला की नाही लागला, हे बघणार कोण? तेव्हा एक पंच, धुरळा हा असा, आणि दोरीच्या आतबाहेर निम्मं गाव. त्यातून पाय ओझरता लागलेला. ते फक्त दोघांच्या कातडीला कळायचं, लावणाऱ्याच्या आणि लागलेल्याच्या. म्हणून रीत अशी, की ज्याला लागलं त्यानं कुणी विचारायच्या आत स्वतः हात वर करायचा आणि मुकाट्यानं बाहेर जाऊन बसायचं. आता हात कुणी वर करत नाही. पंचानं दिलं तरी मान्य नसतं, दहा फोन पुढं येतात आणि दहा फोनांत दहा वेगळे सामने दिसतात.

त्र्याण्णवच्या जानेवारीत खालापूर तालुक्यातल्या एका गावी स्पर्धा होती. दिव्यांची सोय नसल्यामुळं फायनल दुपारी चारला लागली. समोर खोपोलीकडचा संघ. आदल्या सामन्यात मोरूचा, म्हणजे आपला उजवा कोपरा सांभाळणाऱ्या गड्याचा, घोटा मुरगळला आणि त्याच्या जागी कुणाला घ्यायचं यावर झाडाखाली बराच खल झाला. श्रीपत सरावाला रोज असायचा. बॉल पकडावा तशी घोट्याची पकड करायचा. पण तोवर वाडीतला एकही पोर गावच्या संघात खेळला नव्हता. आखणी करायला, पाणी मारायला, चुना आणायला वाडीची पोरं चालत होती. शेवटी दुसरं कुणी उरलंच नाही, तेव्हा पोपटनं बनियन श्रीपतच्या अंगावर टाकलं आणि म्हणाला, “पकड सुटली तर बघ.”

पकडी सुटल्या. दुसऱ्या डावात दोन सुटल्या. पहिलीला कुणी काही बोललं नाही. दुसरीला दोरीमागून आवाज आला, “घेतलाच कशाला याला?” हे पोपटनं ऐकलं, आणि पोपटनं ऐकलं हे श्रीपतनं बघितलं. पोपट काही बोलला नाही, मांडीवर थाप मारून परत डाव्या कोपऱ्यात जाऊन वाकला.

शेवटच्या चढाईला दोन्ही बाजूंना तेवीस-तेवीस. आपल्या बाजूला तिघं उरलेले. समोरून पदू आला. पदू उंचापुरा, पाय लांब, आणि दम असा की कबड्डी-कबड्डी म्हणत पाणी शेंदून आणेल. तो सरळ उजव्या कोपऱ्याकडंच आला, कारण तो कोपरा कच्चा आहे हे एव्हाना शेळ्यांनाही कळलं होतं. जवळ येऊन त्यानं अंग फिरवलं आणि मागं लाथ झाडली. श्रीपत मागं सरला. धुरळा उडाला. पदू मध्यरेषेच्या पलीकडं जाऊन गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकायला लागला. त्यानं गुण मागितला नाही. पंचाच्या तोंडात शिट्टी होती, ती वाजली नाही. म्हणजे बरोबरी, आणि आता दोन्ही बाजूंच्या पाच-पाच चढाया.

श्रीपतनं हात वर केला.

मग शिट्टी वाजली. गुण गेला, कप गेला. पोपट धावत आला आणि म्हणाला, “तुला कुणी इचारला व्हता?” त्याच्या पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही. परतीच्या टेंपोत श्रीपतला जागा मिळाली नाही, तो खोपोलीपर्यंत चालत आला. गावानं नंतर नऊ वर्षं वाडीतला खेळाडू घेतला नाही. कारण विचारलं की सांगायचे, त्याच्या हातानं कप गेला. श्रीपतही ते खरं मानून बसला. वास्तविक कारण हात वर जायच्या आधीही होतंच, हातामुळं सांगायला सोपं झालं इतकंच.

वाडीत मात्र उलटं झालं. त्या रविवारी विहारात म्हाताऱ्या माणसांनी त्याला पुढच्या ओळीत बसवलं. आपल्या पोरानं कपासाठी खोटं केलं नाय, असं एक जण उभा राहून बोलला आणि बायकांनी डोळे पुसले. नंतर दर जयंतीच्या भाषणात त्याचा हात एकदा तरी वर जायचाच. त्या सामन्याला खालापूरकडचा एक गृहस्थ बघायला आलेला होता. त्यानं चौकशी केली, वाडीत येऊन गेला, आणि वर्षाच्या आत आपली मुलगी चंद्रभागा श्रीपतला दिली. पोरगा खरा आहे, एवढंच तो सांगत होता. नोकरी तेव्हा कुठं होती?

पुढं साजगावच्या कारखान्यात लागल्यावर एक दिवस कँटीनमध्ये पदू भेटला. तोही तिथंच, दुसऱ्या खात्यात. ताट घेऊन समोर बसला आणि म्हणाला, “काय सांगू तुला, लाथ लागली ते मलाच कळलं नव्हतं रं. तू हात वर केलास म्हणून कळलं.” श्रीपतनं मान हलवली आणि डाळीत भात कालवला. लाथ लागलीच नव्हती. मांडीपासून वीतभर लांबून गेली होती. मांडीला वारा लागला होता, तेवढाच.

ही गोष्ट श्रीपतनं कुणाला सांगितली नाही. त्याच्या बाजूनं एक मात्र मान्य करावं लागेल. बत्तीस वर्षांत ‘मला लाथ लागली’ असं तो एकदाही बोलला नव्हता. त्यानं फक्त हात वर केला होता. बाकीचं सगळं लोकांनी बोलून घेतलं, शिव्या देणाऱ्यांनीही आणि सत्कार करणाऱ्यांनीही. श्रीपत मान हलवायचा. मान हलवणं म्हणजे काही बोलणं नव्हे, असं त्यानं स्वतःला पटवलं होतं आणि ते बरंच टिकलं.

कागदानं घोडं अडवलं. कारखान्यातून आल्यावर तो वही घेऊन बसायचा. पेपरातली खेळाची पानं वाचायची त्याला सवय, त्यामुळं सुरुवात जोरात झाली. ‘अटीतटीच्या या सामन्यात दोन्ही संघांनी प्रेक्षकांची मने जिंकली.’ मग मैदान, मग मोरूचा घोटा, मग तेवीस-तेवीस. आणि पदूची चढाई आली की पुढचं वाक्य लिहावंच लागे. लाथ मला लागली. हे तीन शब्द लिहिल्याशिवाय हात वर करता येत नव्हता. तोंडानं कधी न बोललेलं खोटं आता सही करून द्यायचं होतं, आणि तेही खिलाडूवृत्ती या मथळ्याखाली. चार रात्री त्यानं तिथंपर्यंत लिहिलं आणि चार पानं फाडली. खेळाबद्दल लिहिणाऱ्यांचं त्याला पहिल्यांदाच नवल वाटलं. गुण किती, पकड कुणी केली, हे कुणीही लिहील. पण वाकलेल्या गड्याच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललंय, हे गड्यालाच धड सांगता येत नाही, मग पेपरवाला कुठून आणणार?

त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते आता लिहायला बसल्यावर त्याला स्पष्ट दिसलं. पाच चढाया होणार होत्या. पाचही उजव्या कोपऱ्यावर येणार होत्या. तिसरी पकड सुटली की दोरीमागचा तो आवाज परत येणार होता आणि पोपट परत गप्प राहणार होता. हे टाळायचा एकच मार्ग होता. पकड सुटलेला गडी हरतो. हात वर करणारा हरत नाही, बाद होतो, आणि खरं सांगून बाद झालेल्याला कोण काय बोलणार? भीती पदूच्या पायाची नव्हती. माणसांच्या तोंडाची होती. ती अशी मोठी लाजिरवाणी भीती होती असं नाही, कुणालाही वाटली असती. पण तिला बत्तीस वर्षं लोक खरेपणा म्हणत आले, ते मात्र लाजिरवाणं होतं.

एवढंच असतं तर श्रीपतनं एखाद्या संध्याकाळी लिहून टाकलंही असतं. गाव चार दिवस हसलं असतं, वाडीतले जुने लोक नाराज झाले असते, झालं. पेच त्याच्या मुलीचा होता.

जागृती त्याची एकुलती एक. आता सत्तावीसची, कर्जतला एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. लहानपणापासून ती कबड्डी खेळायची, आणि बापापेक्षा दसपटीनं चांगली खेळायची. सतराव्या वर्षी ती जिल्ह्याच्या निवड चाचणीला गेली. शेवटच्या सामन्यात ती मैदानात एकटी उरली होती, समोरची मुलगी चढाई करून परत गेली, पंचानं काहीच दिलं नाही, आणि जागृतीनं हात वर केला. शेवटची गडीही बाद झाल्यानं तिच्या संघावर लोण चढला, सामना गेला. बारा जणींची यादी लागली त्यात तिचं नाव नव्हतं. संध्याकाळी ती घरी आली, चपला काढता काढता म्हणाली, “बाबा, मी पण हात वर केला,” आणि हसता हसता रडायला लागली. श्रीपत तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “शाब्बास.”

पुढच्या वर्षी तिनं खेळ सोडला. बारावी होती, मग टायपिंग होतं, कारणं होती. पण आपल्या खोट्या हातापायी पोरीचं खरं नुकसान झालं, हे श्रीपतनं धरलं ते धरलंच. तो शाब्बास त्याला दहा वर्षं टोचत होता. आता लेखात खरं लिहावं तर तिला काय सांगायचं, की तू जे बघून शिकलीस ते नव्हतंच? आणि खोटं लिहावं तर ते छापून तिच्याच हातात पडणार.

टायपिंग तिलाच करायचं होतं, म्हणून प्रश्न आणखी जवळ आला. रविवारी सकाळी ती शाळेचा लॅपटॉप घेऊन पडवीत बसली. चंद्रभागा दारात वाल सोलत होती. श्रीपत वही न उघडताच सांगायला लागला.

“‘शेवटची चढाई पदूची होती. तो माज्या कोपऱ्यावर आला.’ झालं?”

“झालं.”

“‘त्यानं मागं लाथ मारली. ती मला लागली नाय.’”

जागृतीची बोटं ‘लागली’पर्यंत जाऊन थांबली. तिनं वर बघितलं.

“नाय?”

“नाय लागली. इतकी लांबून गेली. मी तसाच हात वर केला.”

“कशाला?”

“पुढच्या पकडी सुटल्या असत्या. लोक बोलले असते.”

चंद्रभागानं वालाचं साल बोटावरून झटकलं.

“आन माजा बा सांगायचा, मी डोळ्यांनी बघितली, लाथ लागली, पोरगा खरा.”

“तुजा बा लांब बसला व्हता.”

“त्याला चष्मा त्याच साली लागला,” चंद्रभागा म्हणाली आणि एवढी हसली की पाटीतले वाल सांडले. तिला राग आला असता तर श्रीपतला चाललं असतं. हसण्याची त्यानं तयारी केली नव्हती.

जागृती हसली नाही. ती उठून अंगणात गेली, नळाखाली पाय धुतले, जे धुवायची काही गरज नव्हती, आणि तशीच ओल्या पायानं उभी राहिली. श्रीपतला तिची पाठ दिसत होती. त्यानं खूप दिवस जे बोलायचं ठरवलं होतं ते पाठीला उद्देशूनच बोलला.

“माज्यामुळं तुजी टीम गेली गं. माजं बगून तू हात वर केलास, आन माजंच खोटं. मी तुला शाब्बास म्हणायला नको व्हतं.”

ती वळली. तिला खरोखरच राग आला होता, पण तो भलत्याच गोष्टीचा होता.

“तुमचं बगून?”

“मग? घरी येऊन तूच म्हणलीस, मी पण वर केला.”

“ते घरी, बाबा. तुमाला बरं वाटावं म्हणून म्हणले.” ती पडवीच्या पायरीवर येऊन थांबली. “मैदानात कुठं तुमी आठवता? एकटी व्हते मी आत. तिचं नख लागलं मला, इथं, कोपराच्या वर. लागलं म्हणून हात वर केला. तुमी नसतात तरी केला असता.”

“आन खेळ सोडलास तो?”

“गुडगा दुखायचा. दोनदा सांगितलं तुमाला. तुमी ऐकता कुठं, तुमी तोंड पाडून बसायचा.”

श्रीपतला आठवेना. गुडघ्याचं ती कधीतरी बोलली असेल. तो त्या वर्षी स्वतःला दोष देण्यात इतका गुंतला होता की पोरीचा गुडघा त्याच्या कानावर येऊनही आत गेला नव्हता. दहा वर्षं त्यानं जे ओझं वाहिलं ते त्याचं नव्हतंच. त्याला हायसं वाटलं. आणि त्याच वेळी वाईट वाटलं, कारण पोरीच्या सगळ्यात खऱ्या क्षणात तो कुठंच नव्हता. चांगल्यातही नव्हता आणि वाइटातही नव्हता.

जागृती ओल्या पायानंच आत आली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं.

“सांगा पुढं. राजेशदादाला दोन पानं हवीत.”

दुसरं पान श्रीपतनं मनात आधीच लिहून ठेवलं होतं. ते सगळं जागृतीवर होतं, बापाच्या हातानं मुलीचं कसं नुकसान झालं त्यावर. त्यानं वही बाजूला सारली.

“एवढंच हाय,” तो म्हणाला. “खाली माजं नाव टाक.”